कुंडाची पायरी वर का दिसते?

वज्रेश्वरीजवळ तानसा नदीच्या काठाने अकलोलीला गेलं की गरम पाण्याची कुंडं लागतात. पहिल्यांदा उतरणाऱ्याची तिथे हमखास फसगत होते. पायरी दिसते तिथे ती नसतेच, पाऊल आणखी खाली जातं.

निर्वात पोकळीत प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो, हवेतही जवळपास तेवढाच. पाण्यात हा वेग सव्वादोन लाखांवर येतो. पहिल्याला दुसऱ्याने भागा, १.३३ येतात. हाच पाण्याचा अपवर्तनांक.

पण वेग घटला म्हणून वाट का वळावी? दहा जण हातात हात धरून नदीच्या पात्रात तिरके शिरताहेत असं समजा. टोकाचा माणूस पाण्यात आधी शिरतो आणि मंदावतो. बाकीचे अजून वाळूवर, आपल्या चालीने. साहजिकच रांग वळते. सरळ समोरून शिरले असते तर सगळे एकदमच मंदावले असते, वळण नाही. प्रकाशाचंही असंच.

पायरीवरून आलेला किरण पाण्याबाहेर पडताना वळतो. डोळ्याला त्याचा पत्ता नसतो. किरण सरळच आला असं धरून तो पायरीची जागा ठरवतो. ऐन वरून पाहिलं तर चार फुटांचे तीनच फूट वाटतात. काठावरून आपण पाहतो तिरके, म्हणून कुंड त्याहूनही उथळ भासतं.

पाणी तापलं की अपवर्तनांक किंचित उतरतो: २० अंश सेल्सिअसला १.३३३, ५० अंशांना सुमारे १.३२९. फरक नगण्य वाटेल, पण गरम पाण्याच्या बादलीत गार पाण्याचा तांब्या हळूच ओतून पाहा. दोन्ही मिसळेपर्यंत थरथरत्या रेषा दिसतात, त्या या फरकाच्याच.

ज्यात प्रकाश जास्त मंदावतो त्याला शाळेत ‘घन माध्यम’ म्हणतात; हा शब्द मात्र घोटाळा करतो. खोबरेल तेल पाण्यावर तरंगतं, तरी त्याचा अपवर्तनांक १.४५ च्या आसपास, पाण्याहून जास्त. वजनाचा इथे भरवसा नाही.

आणि वज्रेश्वरीच्या नावातलं वज्र? इंद्राच्या शस्त्राला वज्र म्हणतात, तसं हिऱ्यालाही. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२. आतला किरण पैलूवर, स्तंभिकेशी (पैलूला काटकोनात असलेल्या रेषेशी) २४ अंशांहून जास्त तिरका आदळला की बाहेर पडूच शकत नाही. आतल्या आत उसळत राहतो आणि पैलू नीट पाडले असतील तर वरच्या बाजूने परततो. तोच हिरा कुंडात बुडवला तर ही मर्यादा ३३ अंशांवर जाते, आणि बरंचसं तेज खालून पाण्यात निसटतं.