निपचित पडलेला माणूस बेशुद्धच असतो का?

‘शुद्ध हरपली’ असं आपण फार लवकर म्हणतो. मण्यार चावलेल्या माणसाबद्दल ते अनेकदा खरं नसतं, आणि या गैरसमजापायी जीव जाऊ शकतो.

मण्यार रात्री हिंडते. रत्नागिरीजवळच्या पालीच्या एखाद्या वाडीत जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्याला ती चावली, तर ना सूज येते ना आग होते. दातांची खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात कळा येतात. मग पापण्या जडावतात, बोलणं बोबडं होतं, थुंकी गिळवत नाही, छातीचे स्नायू थकत जातात. हातखंब्यावरून रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात पोहोचेपर्यंत माणूस पार निश्चल झालेला असू शकतो. हाक मारली, चिमटा काढला, तरी काही नाही. कधी डोळ्यांच्या बाहुल्याही विस्फारून स्थिर होतात. बघणाऱ्याला वाटतं, संपलं सगळं.

वस्तुस्थिती अशी की हे विष मेंदूवर नव्हे, तर चेतातंतू स्नायूला भेटतो त्या सांध्यावर घाव घालतं. मेंदू हुकूम सोडतो, पण तो स्नायूपर्यंत पोहोचत नाही. प्राणवायू तुटला तर खरी बेशुद्धी येते. पण श्वास वेळेत यंत्रावर घेतला, तर हा माणूस आतून जागा असू शकतो. त्याला आवाज ऐकू येतात, सुई टोचलेली कळते. प्रतिविष रक्तातलं विष निकामी करतं, झालेली इजा भरून काढत नाही. तंतूंची टोकं सावरायला दिवस, कधी आठवडे लागतात आणि तोवर व्हेंटिलेटरच त्याला जगवतो. त्यामुळे मांत्रिकाकडे घालवलेला तास मला अक्षम्य वाटतो.

मग डॉक्टर अशा माणसाला ‘ब्रेन डेड’ ठरवतील, ही भीती? अवयवदानासाठी मेंदूमृत्यू जाहीर करायचा तर 1994च्या कायद्याने चार डॉक्टरांचं मंडळ लागतं, तपासण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा होतात. त्याआधी विष किंवा औषधाचा परिणाम नाही ना, याची खात्री करावी लागते. कोमा आणि मेंदूमृत्यू एक नव्हेत. कोमातून माणूस परतू शकतो, मेंदूमृत्यूतून नाही.

उलटही घडतं. अपस्माराच्या काही झटक्यांत माणूस डोळे उघडे ठेवून ओठ चाटतो, सदऱ्याची बटणं चाचपतो, पण त्या वेळी त्याला भान नसतं. (कांदा किंवा चप्पल हुंगवून झटका थांबत नाही, कुशीवर वळवावं आणि तोंडात काही घालू नये.) हालचाल आणि जाणीव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वप्नं रंगतात त्या झोपेत तर आपलं सगळ्यांचंच अंग जवळजवळ लुळं असतं.

गाढ झोपेत जाणीव असते का, हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. ‘छान झोपलो, काही कळलं नाही’ असं उठल्यावर आपण म्हणतो. अद्वैत वेदान्ती म्हणतात, ही आठवण आहे, म्हणजे सुषुप्तीतही साक्षी जागा होता. नैयायिक म्हणतात, हे नंतर केलेलं अनुमान आहे. हा वाद मला आजही जिवंत वाटतो, कारण दुसऱ्याची जाणीव बाहेरून ओळखताना आपल्या हाती अनुमानच असतं. 2006 साली मेंदूवैज्ञानिक एड्रियन ओवेन यांच्या चमूने प्रतिसादहीन मानलेल्या एका तरुणीला स्कॅनरमध्ये ‘टेनिस खेळताय अशी कल्पना करा’ असं सांगितलं, आणि तिच्या मेंदूचे निरोगी माणसासारखेच भाग उजळले. अर्थात असा प्रत्येक रुग्ण आतून जागा असतो, असं नाही.

जाणीव मेंदूत नेमकी कशी घडते हे विज्ञानाला सापडलं, हाही गैरसमजच. 25 वर्षांत तिची स्पष्ट खूण मेंदूत सापडेल, अशी पैज मेंदूवैज्ञानिक क्रिस्टॉफ कॉख यांनी 1998 साली तत्त्वज्ञ डेव्हिड चामर्स यांच्याशी लावली होती. 2023 साली कॉख यांनी हार मानून वाइन दिली. त्यावरून आत्मा सिद्ध झाला असंही नाही. प्रश्न खुला आहे, एवढंच ठरलं.

जाणीव दाखवणारं बिनचूक यंत्र हाताशी नाही तोवर मण्यार चावलेल्याच्या खाटेपाशी तो ऐकतो आहे असंच धरून चालावं. आपलं नाव सांगावं, वार सांगावा, सुई टोचण्याआधी ‘आता थोडं दुखेल’ म्हणावं. क्रियाकर्माची बोलणी तिथे करू नयेत.