परदेशी सेवेला निघण्यापूर्वी

गेल्या हिवाळ्यात पुण्याच्या एका महाविद्यालयातील सहा विद्यार्थी आमच्या संघटनेच्या कचेरीत वर्गणी मागावयास आले. नेपाळातील एका डोंगरी गावात पाहुण्यांना घरोघरी उतरवून घेण्याचा उद्योग गावकऱ्यांनी चालविला आहे. तेथे तीन आठवडे स्वयंसेवक म्हणून जायचे त्यांनी ठरविले होते. तेथे काय करणार, असे विचारले तेव्हा त्यांनी यादी वाचून दाखविली. पाहुण्यांच्या खोल्या रंगविणे, पायवाट दुरुस्त करणे, मुलांना इंग्रजी शिकविणे आणि आलेल्या पाहुण्यांना गाव दाखविणे. यादीत वाईट असे काहीच नव्हते. आम्ही एकच प्रश्न केला, "तुम्ही जाईपर्यंत ही कामे तेथे कोण करतो?" मुले एकमेकांकडे पाहू लागली. त्यांतील एक मुलगी म्हणाली, "काका, हे आम्ही कोणाला विचारलेच नाही." आम्ही म्हणालो, "मग विचारून या. उत्तर आणा आणि वर्गणी घेऊन जा."

मुलांनी राग मानला नाही. त्यानंतर तीन-चार वेळा ती आली आणि त्यांच्याबरोबर आम्हालाही पुष्कळ वाचावे, विचारावे लागले. हल्ली अशा सेवेला निघणारी मुले पुष्कळ घरांत आहेत, त्यांना खर्च देणारे आईबापही आहेत. म्हणून जे हाती लागले ते येथे मांडीत आहोत.

प्रथम हा उद्योग म्हणजे काय ते पाहू. नेहमीच्या पर्यटनात बाहेरचा मालक जागा घेतो, हॉटेल बांधतो आणि गावकऱ्यांना तेथे भांडी घासण्याचे व ओझी वाहण्याचे काम मिळते. निसर्ग गावाचा, पाणी गावाचे, आणि नफा मात्र शहरात जातो. ज्याला लोकाधारित किंवा सामुदायिक पर्यटन म्हणतात त्यात ही मांडणी उलटी असते. पाहुणा गावाचा, तो कोणाकडे उतरेल हे गाव ठरविणार, दर गाव लावणार आणि हिशेबाची वही गावाकडे राहणार.

नेपाळात याचा पहिला नामांकित नमुना म्हणजे स्यांजा जिल्ह्यातील सिरुबारी हे गुरुंग लोकांचे गाव. सैन्यातून निवृत्त झालेले कॅप्टन रुद्रमान गुरुंग यांच्या पुढाकाराने १९९७ साली तेथे पाहुण्यांना घरांत ठेवण्यास आरंभ झाला. गावाची समिती आहे. पाहुणे आले म्हणजे वाजतगाजत त्यांचे स्वागत होते आणि समिती त्यांना आळीपाळीने निरनिराळ्या घरी वाटून देते. ज्याचे घर वाटेवर आहे किंवा ज्याची जीभ गोड आहे त्यानेच सारे पाहुणे ओढावेत असे होत नाही. पुण्याच्या गुलटेकडी बाजारातील हमालांना ही रीत परकी वाटणार नाही. आलेला माल टोळीने उचलायचा आणि मिळालेली मजुरी टोळीत वाटून घ्यायची, हे त्यांचे जुने शास्त्र आहे. पुढे २०१० साली नेपाळ सरकारने अशा घरगुती निवासांसाठी नियमही केले.

आपल्याकडेही अशी गावे आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात वेळास म्हणून गाव आहे. नाना फडणवीसांचे ते मूळ गाव असल्याने पुणेकरांना नाव तरी ठाऊक असते. तेथील किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे अंडी घालतात. पूर्वी ही अंडी माणसेही नेत आणि कुत्री, कोल्हेही खात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ च्या सुमारास गावकऱ्यांना हाताशी धरून अंडी राखण्याचे काम सुरू केले आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान पिले समुद्रात सोडली जातात, ती पाहावयास पुण्या-मुंबईचे लोक जातात, गावातल्या घरांतच उतरतात आणि घरचेच जेवतात. अंडी विकून मिळेल त्याहून ती राखून अधिक मिळते, हे गावाला पटले, म्हणून कासव वाचले. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ल्याजवळ मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटातील स्त्रिया पाहुण्यांना होडीतून कांदळवन दाखवितात. वल्हे त्याच मारतात आणि झाडांची माहितीही त्याच सांगतात.

आता आमच्या प्रश्नाकडे वळू. अशा गावात फुकट काम करणारा मनुष्य गेला तर काय होते? मांडवी खाडीत उद्या शहरातील दहा हौशी विद्यार्थी आले आणि म्हणाले, "बायांनो, तुम्ही बसा, पाहुण्यांना झाडांची माहिती आम्ही सांगतो, तीही इंग्रजीत," तर ती सेवा झाली की त्या स्त्रियांच्या हातचे काम गेले? त्या स्त्रियांनी झाडांची नावे शिकण्यास कष्ट घेतले आहेत. अनोळखी माणसांपुढे बोलण्याची भीड मोडली आहे. त्यांची खरी मिळकत ती आहे. विद्यार्थी तीन आठवड्यांनी परत जाईल. पण तेवढ्यात पाहुण्याला फुकटाची आणि अस्खलित इंग्रजीची सवय लागेल.

कामगार चळवळीत हा प्रश्न जुना आहे. एका कारखान्यात आम्ही डोळ्यांनी पाहिले की शिकाऊ म्हणून घेतलेली मुले यंत्रावर उभी केली, त्यांना विद्यावेतन दिले, आणि निवृत्त झालेल्या कामगारांच्या जागा मात्र रिकाम्याच ठेवल्या. मुलांचा त्यात काडीचाही दोष नव्हता. ती शिकावयास आली होती, मन लावून काम करीत होती. आणि त्यांच्या त्या मन लावण्यानेच जागा भरण्याची निकड उरली नाही. चांगल्या हेतूने केलेल्या स्वस्त कामाचाही परिणाम बाजारात स्वस्त कामासारखाच होतो.

नेपाळच्या बाबतीत तर ही गोष्ट आपल्या दारापर्यंत येते. त्या देशाच्या एकूण उत्पन्नाच्या सुमारे चौथ्या हिश्शाइतका पैसा बाहेर गेलेली माणसे घरी पाठवितात. आखातात, मलेशियात आणि भारतात हे लोक काम करतात. पुण्यातल्या सोसायट्यांच्या फाटकावर रात्री बसणारे, हॉटेलांच्या मुदपाकखान्यात भांडी घासणारे आणि हातगाडीवर नूडल्स परतणारे कितीतरी तरुण त्याच डोंगरांतून आलेले आहेत. घरगुती पाहुणचाराचा उद्योग उभारण्यात तेथील लोकांचा एक मोठा हेतू हाच असतो की, दोन तरुणांना तरी गावात राहून पोट भरता यावे. अशा गावात वाटाड्याचे किंवा गवंड्याचे काम जर पुण्याच्या मुलाने फुकट केले, तर ज्याचे काम गेले तो कदाचित पुण्याच्याच गाडीत बसेल.

हे काम हिरावण्याहूनही वाईट प्रकार घडलेले आहेत. कंबोडियात २००५ ते २०१० या पाच वर्षांत अनाथाश्रमांची संख्या १५४ वरून २६९ वर गेली. अनाथ मुले मात्र त्या प्रमाणात वाढली नव्हती. आश्रमांतील दर चार मुलांपैकी सुमारे तिघांचे आई किंवा बाप हयात होते. परदेशी पाहुणे आणि स्वयंसेवक पैसे देऊन मुलांची सेवा करावयास येत, म्हणून मुले जमविली जाऊ लागली. सेवा करू इच्छिणाऱ्यांची मागणी वाढली आणि तिला पुरवठा करणारा धंदा उभा राहिला. पुढे तेथील सरकारनेच ही मुले घरी परत पाठविण्याचे धोरण आखले.

मग काय तरुणांनी घरीच बसावे? आमचे तसे मुळीच म्हणणे नाही. परदेशी सेवेची परंपरा चांगली आहे आणि तिचा आरंभ कुदळ-फावड्याने झाला आहे. पहिल्या महायुद्धानंतर १९२० साली स्वित्झर्लंडचे पिएर सेरेसोल यांनी फ्रान्समध्ये व्हेर्दूंजवळच्या एस्न या उद्ध्वस्त गावी निरनिराळ्या देशांचे स्वयंसेवक नेले. त्यांत जर्मनही होते. त्यांनी निवारे बांधले, रस्ते नीट केले. परंतु ज्यांच्या घरादाराची राख जर्मन तोफांनी केली होती त्यांना जर्मन हात, मदतीचे झाले तरी, नको होते. काही महिन्यांनी ते काम आवरावे लागले. हेतू शुद्ध होता, पण गावाची संमती पुरती मिळाली नव्हती. सेरेसोल त्यातून शिकले. १९३४ च्या जानेवारीत बिहारला मोठा भूकंप झाला, तेव्हा ते स्वतः भारतात आले, राजेंद्रप्रसादादी मंडळींना भेटले, आणि नंतर सहकारी आणून पुराच्या पट्ट्यातील गावे उंच जागी वसविण्याच्या कामात बिहारी मजुरांच्या बरोबरीने राबले. येथे आधी विचारणे होते आणि मग काम.

तेव्हा निघण्यापूर्वीची तयारी कशी करावी? आमच्या मते ती चार प्रकारची आहे.

पहिली तयारी पत्राची. ज्या गावी जायचे तेथील समितीचे पत्र हाती असावे आणि कामांची यादी त्या पत्रात असावी, आपल्या वहीत नव्हे. यादीतील प्रत्येक कामापुढे दोन गोष्टी विचाराव्या. हे काम आज गावात कोण करतो? त्याला त्याचे काय मिळते? जे काम करणारा गावात आहे ते आपण करू नये. फार तर त्याच्या हाताखाली राहून शिकावे.

दुसरी तयारी हिशेबाची. अशा दौऱ्यांची व्यवस्था करणाऱ्या संस्था स्वयंसेवकाकडून पैसे घेतात. घेण्यास हरकत नाही. पण दर शंभर रुपयांतले प्रवासाला किती, व्यवस्थेला किती आणि यजमान घराच्या हाती किती, हे लेखी मागावे. भारतीय शंभर रुपयांचे नेपाळी एकशे साठ होतात, हा दर १९९३ पासून ठरलेला आहे, त्यामुळे हा हिशेब शाळकरी मुलालाही जमेल. उत्तर देण्याची जो टाळाटाळ करील त्याच्याबरोबर जाऊ नये. आणि स्वयंसेवक झालो म्हणून घराचा दर कमी करून मागू नये. आपण जेवतो ते तांदूळ त्या घराचे असतात.

तिसरी तयारी भाषेची. नेपाळी भाषा देवनागरीतच लिहितात, म्हणून मराठी मुलाला पाट्या पहिल्या दिवसापासून वाचता येतात. समजतात मात्र थोड्याच. ती शिकावयास काठमांडूला जाण्याचे कारण नाही. आपल्या गल्लीत जो नेपाळी पहारेकरी आहे त्याच्याकडे रोज अर्धा तास बसावे, आणि शिकवणीचे पैसे द्यावेत. तो शिक्षक आहे, त्याचे श्रम आहेत. शिवाय गाव सोडून माणूस का येतो, हे तो जितके सांगेल तितके कोणतेही पुस्तक सांगणार नाही.

चौथी तयारी घरच्या अनुभवाची. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. तिचे सात दिवसांचे शिबिर पुष्कळ विद्यार्थ्यांनी केलेले असते. तेथे आपण काम केले की गावाला आपली उस्तवार करावी लागली, हे प्रामाणिकपणे आठवावे. आणि परदेशी जाण्यापूर्वी वेळाससारख्या एखाद्या गावी पैसे देणारा साधा पाहुणा म्हणून दोन रात्री राहावे. जो चांगला पाहुणा होऊ शकत नाही तो चांगला स्वयंसेवकही होणार नाही.

आमची सहा मुले मार्चमध्ये वेळासला जाऊन आली. पिले समुद्राकडे जाताना पाहून ती हरखून गेली होती, परंतु त्या मुलीने सांगितलेली गोष्ट निराळी होती. ज्या घरी ती उतरली तेथील बाई पहाटे चारला उठून पाहुण्यांसाठी पाणी तापवीत होती आणि रात्री सगळे निजल्यावर हिशेब मांडीत होती. मुलगी म्हणाली, "काका, मी मदत करू का असे विचारले, तर त्या म्हणाल्या, बाळ, तू जेवलीस आणि पैसे दिलेस, एवढी मदत पुरे. एक मात्र कर, तुझ्या मैत्रिणींना पाठव."

मग नेपाळच्या समितीचेही पत्र आले. खोल्या रंगविण्यास गावात रंगारी आहे, गाव दाखविण्यास दोन तरुण तयार झाले आहेत, आणि शाळेला शिक्षक आहेत. पाहुण्यांच्या नोंदी आणि घरांच्या पाळ्या कागदावर राहतात, त्या संगणकावर कशा ठेवाव्या हे गावातील दोन मुलींना शिकवून जा. आणि भारतातून येणाऱ्या पाहुण्यांसाठी हिंदीत माहितीपत्रक लिहून द्या, इतकेच त्यांचे मागणे होते. ही कामे आठ-दहा दिवसांची आहेत. मुलांनी तीन आठवड्यांचे दहा दिवस केले. उरलेल्या पैशांतून रंगाचा खर्च आणि रंगाऱ्याची मजुरी देण्याचे त्यांनी ठरविले आहे.

वर्गणी आम्ही आनंदाने दिली. मुले हल्ली संध्याकाळी एका सोसायटीच्या फाटकापाशी नेपाळी शिकतात. पहिल्या दिवशी त्यांच्या शिक्षकाने त्यांना दोन्ही भाषांत सारखे असलेले शब्द लिहून दिले. घर, काम, भात, पैसा. तो कागद त्यांनी आम्हास दाखविला. तेवढे चार शब्द नीट समजून घेऊन गेले तर त्यांची तयारी पुरी झाली असे आम्ही म्हणू.