आक्रमकतेमागील न बोललेले कारण

बौद्धिक अक्षमता असलेली व्यक्ती एकाएकी मारू, चावू किंवा वस्तू फेकू लागली की ‘स्वभावच तसा’ असे म्हणून घरचे आणि पुष्कळदा डॉक्टरही मोकळे होतात. परंतु ज्याला दुखणे शब्दांत सांगता येत नाही, त्याचा किडलेला दात, ठणकणारा कान किंवा जुनी बद्धकोष्ठता अशा वागण्यातूनच बाहेर पडू शकते, आणि म्हणून शारीरिक तपासणी सर्वांत आधी व्हावी, हे उघड असूनही नेमके तेच राहून जाते.

शारीरिक कारण सापडले नाही, तर त्या वागण्यातून व्यक्तीच्या पदरात काय पडते हे पाहावे लागते. बटणे लावायला सांगताच मुलगी चापट मारते आणि दमलेली आई ती स्वतः लावून टाकते. यात नको असलेले काम टळते, व तोच मार्ग पक्का होत जातो. ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये स्वतःला इजा करून घेण्याच्या वर्तनाबाबत ‘कार्यात्मक विश्लेषण’, म्हणजे परिस्थिती आळीपाळीने बदलून वर्तन कशाने वाढते हे मोजण्याची पद्धत, मांडली. तर १९८५ मध्ये एडवर्ड कार व मार्क ड्युरँड यांनी, मदत किंवा लक्ष मागण्याचे सोपे शब्द शिकवल्यास त्रासदायक वर्तन घटते, असे दाखवले.

औषधांचा मोह मात्र सुटत नाही. सायकोसिस (वास्तवाचे भान सुटणारा मनोविकार) नसलेल्या अशा ८६ प्रौढांवरील, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल आणि औषधी द्रव्य नसलेली गोळी यांची तुलना झाली, तेव्हा आक्रमकता तिन्ही गटांत कमी झाली आणि सर्वाधिक घट त्या निरौषधी गोळीच्या गटात दिसली.