नाव नको, तारीख सांगा

अलिबाग-पेणच्या बाजूला आणि गिरगाव-लालबागच्या चाळींतही कित्येक घरांत एक वाक्य अजून ऐकू येते : ‘ते रामदासमध्ये गेले.’ ऐकणाऱ्या नातवाला एवढेच कळते की रामदास ही बोट होती आणि ती बुडाली. कधी? ‘पावसाळ्यात.’ कोणत्या साली? ‘स्वातंत्र्य मिळाले त्याच्या जरा आधी.’ पुढे विचारावे तर सांगणारेच कोणी उरलेले नसते.

पण शोधायला एवढेही पुष्कळ आहे. १७ जुलै १९४७, गुरुवार. लोकांच्या आठवणीत ती गटारी अमावास्या. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ ही आगबोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. त्या काळी मुंबईत ‘टाइम्स ऑफ इंडिया’, ‘बॉम्बे क्रॉनिकल’, ‘फ्री प्रेस जर्नल’ ही इंग्रजी आणि ‘नवाकाळ’, ‘लोकमान्य’ यांसारखी मराठी दैनिके निघत होती. कोणाचे आजोबा, कोणाचे काका त्या बोटीवर होते हे पडताळायचे, तर जुलै १९४७ चा फाइलखंड काढून १८ तारखेपासून पुढचे निदान पंधरा दिवस वाचत जायचे. एकच अंक पाहून थांबणाऱ्याच्या हाती सहसा काही लागत नाही. अपघाताच्या पहिल्या बातमीत ऐकीव मजकूर जास्त आणि नावे कमी असतात. वाचलेल्यांच्या हकिगती, ओळख पटलेल्यांची नावे, मदतनिधी, चौकशीची मागणी हे सगळे मागाहून, एकेक कॉलम करून येते, आणि पुढे पुढे आतल्या पानावर सरकत जाते. त्यात तो महिना असा, की चार आठवड्यांनी देश स्वतंत्र होणार होता. फाळणी आणि सत्तांतराच्या मथळ्यांखाली कोकणातल्या एखाद्या माणसाचे नाव कुठे दबले असेल, ते पान पान उलटल्याशिवाय दिसत नाही.

घराण्याचा इतिहास शोधायला निघालेला माणूस ग्रंथालयात जाऊन बहुधा आडनाव सांगतो. तिथला अनुभवी कर्मचारी विचारतो तारीख. दोघांत बरोबर असतो तो कर्मचारी. वर्तमानपत्र माणसांच्या नावांनी लावलेले नसते, दिवसांनी लावलेले असते. म्हणून आधी प्रसंग शोधायचा, प्रसंगावरून तारीख काढायची आणि तारखेवरून माणूस.

मराठी घरांत वंशावळीची साधने मुळीच नाहीत असे नाही. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. सांगली-कोल्हापूरकडे हेळवी गावोगाव येऊन कुळी वाचून दाखवतात. अनेक घराण्यांनी विसाव्या शतकात जाडजूड कुलवृत्तांत छापून घेतले. पण या साधनांत माणूस म्हणजे बहुतेक वेळा नुसते एक नाव आणि त्याच्या बापाचे नाव. तो काय करत होता, कोणाशी भांडला, कोणत्या फंडाला आठ आणे दिले, हे तिथे नसते. शिवाय कुलवृत्तांतात लेकी लग्न होताच पानाबाहेर जातात. वर्तमानपत्रात मात्र या किरकोळ गोष्टीच असतात, आणि घराण्याला हव्या असतात त्याही याच.

मराठीतली ही परंपरा लहान नाही. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२ चे, ‘ज्ञानोदय’ १८४२ चा, पुण्याचा ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ चा. ‘केसरी’ ४ जानेवारी १८८१ रोजी निघाला, तेव्हा तो साप्ताहिक होता. ‘ज्ञानप्रकाश’ १९०४ मध्ये दैनिक झाला. म्हणजे पणजोबांच्या हयातीत काय काय छापले गेले असेल, याचा अंदाज करता येतो. अडचण एकच : घरातली आठवण इंग्रजी तारखेत नसते.

ती असते ‘प्लेगच्या साली’, ‘छप्पनच्या दुष्काळात’, ‘मानमोडीत’. ही भाषा आधी उलगडावी लागते. छप्पन म्हणजे विक्रम संवत १९५६, इसवी सन १८९९-१९००. मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. ही आठवण सोन्यासारखी, कारण साथीचा भर त्या एका सालावर होता. ‘प्लेग’ मात्र फसवा आहे. मुंबईत मांडवी भागात १८९६ च्या सप्टेंबरमध्ये तो उघडकीस आला, काही महिन्यांत पुण्यात पोचला, आणि पुढे कित्येक वर्षे हिवाळा आला की गावोगाव परतत राहिला. आजीची सासू ‘प्लेगात गेली’ एवढ्यावरून १८९७ चा खंड मागवणारा माणूस दहा-बारा वर्षे चुकू शकतो. जुन्या पत्रिकेवर किंवा देवघरातल्या पोथीच्या शेवटी शके असेल तर काम सोपे : शकात ७८ मिळवायचे. तारीख जानेवारी ते गुढीपाडव्याच्या मधली असेल तर ७९. हे एक वर्ष विसरल्यामुळे पुष्कळांची माघ-फाल्गुनातली लग्ने वर्षभर मागे जातात.

तारीख हाती लागली की पान उघडायचे, आणि तिथे भाषेची दुसरी गाठ पडते. जुन्या मराठी छपाईत ‘म्हणून’ नाही, ‘ह्मणून’ आहे. ‘नाव’ नाही, ‘नांव’ आहे. ‘काही’वर दोन अनुस्वार आहेत. संगणकावर आजच्या शुद्धलेखनाने शब्द टाकणाऱ्याला तो समोर असूनही सापडत नाही. त्यातून झिजलेल्या खिळ्यांची जोडाक्षरे यंत्राला नीट वाचता येत नाहीत. मराठी फायलींच्या बाबतीत डोळ्यांना पर्याय नाही, हे आधीच मान्य केलेले बरे.

इंग्रजी पत्रांत यंत्र बऱ्यापैकी चालते, पण तिथे नावांची वेगळीच गंमत. एकोणिसाव्या शतकातल्या साहेबाने आपली नावे कानाला लागतील तशी लिहिली. जगन्नाथ शंकरशेट तिथे ‘जगोनाथ संकरसेट’ होऊन बसले आहेत. ठाण्याचे ‘टॅना’, सोलापूरचे ‘शोलापूर’, वसईचे ‘बसीन’. एकाच माणसाच्या नावाची चार स्पेलिंगे करून पाहावी लागतात, आणि पाचवेच बरोबर निघते. शिवाय त्या काळी आडनाव लावलेच पाहिजे असे नव्हते. डॉ. भाऊ दाजी यांचे आडनाव लाड, पण त्यांच्या हयातीत सगळा कारभार ‘भाऊ दाजी’ या दोन शब्दांवर चालला. डॉ. सखाराम अर्जुन यांचेही तसेच : स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, संपले. खापरपणजोबांना आडनावाने शोधणारा माणूस अनेकदा अशा गोष्टीच्या मागे असतो, जी त्यांनी कधी लावलीच नव्हती.

याच सखाराम अर्जुन यांची सावत्र मुलगी रखमाबाई. जून १८८५ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ अशा इंग्रजी सहीने बालविवाहाविरुद्ध एक पत्र छापून आले, सप्टेंबरात आणखी एक. लिहिणारी कोण याची चर्चा झाली, आणि ती रखमाबाई होती हे पुढे जगजाहीर झाले. लहानपणी लावलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला जाण्यास तिने नकार दिला होता, आणि तो खटला त्याच काळात मुंबईच्या हायकोर्टात उभा होता. १८८७ मध्ये नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल लागला. तिने तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. अखेर १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली. पुढे ती विलायतेला जाऊन डॉक्टर झाली. कोर्टाच्या कागदात ती फक्त प्रतिवादी आहे. ती काय विचार करत होती ते वर्तमानपत्रात आहे, आणि तेही तिच्या नावावर नाही. टोपणनावांची ही रीत मराठीत जुनीच. ‘प्रभाकर’मधली शतपत्रे लिहिणारे लोकहितवादी म्हणजे गोपाळ हरी देशमुख, हे आज शाळकरी मुलांना ठाऊक असते. पण तेव्हाच्या पत्रव्यवहाराच्या सदरातल्या ‘एक वाचक’, ‘एक पुणेकर’ यांच्यापैकी कोण कोणाचे पणजोबा होते, याचा बहुतेक कधीच पत्ता लागणार नाही.

बायकांचा शोध सगळ्यांत कठीण, आणि त्याला कारण आपल्याकडची रीत. लग्नात नुसते आडनाव बदलत नाही, नावही बदलते. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. महर्षी कर्व्यांच्या आनंदीबाई माहेरच्या गोदूबाई जोशी, पहिल्या लग्नाने नातू, आणि १८९३ च्या पुनर्विवाहानंतर आनंदीबाई कर्वे. एका आयुष्यात दोन नावे, तीन आडनावे! ज्या बाईचे चरित्र कोणी लिहिले नाही, तिच्या या नावांचे धागे जोडायचे कसे? इथे वर्तमानपत्रातला सर्वांत दुर्लक्षित मजकूर कामाला येतो, तो म्हणजे निधनाच्या आणि पुण्यस्मरणाच्या जाहिराती. ‘शोकाकुल’च्या खाली मुलगे-सुनांबरोबर मुली आणि जावई येतात, म्हणजे लेकींची सासरची आडनावे एका ठिकाणी मिळतात. कधी ‘पूर्वाश्रमीच्या’ असे लिहून माहेरचे नावही दिलेले असते. कुलवृत्तांताने सोडून दिलेली अर्धी वंशावळ या चौकटींत सापडते.

नावाआधीची अक्षरेही वाचता आली पाहिजेत. वर्गणीदारांची यादी छापण्याची जुनी पद्धत होती. १८९५ मध्ये टिळकांनी रायगडावरच्या शिवसमाधीसाठी निधी उभारायला घेतला, तेव्हा ‘केसरी’त देणगीदारांची नावे येत. अशा यादीत ‘रा. रा.’ म्हणजे राजमान्य राजेश्री. त्यावरून काही कळत नाही, कारण ते सगळ्यांनाच लावत. पण ‘गं. भा.’ दिसले की थांबावे. गंगाभागीरथी म्हणजे ती बाई त्या तारखेला विधवा होती. पणजोबांच्या मृत्यूची नोंद कुठेच नसली, तरी दोन याद्यांत पणजीचे नाव एकदा ‘सौ.’ आणि एकदा ‘गं. भा.’ असे मिळाले, तर तो मृत्यू दोन तारखांच्या मध्ये पकडता येतो. जाहीर नोटिसाही अशाच बोलक्या : वाटणी, वारस, हरवलेले दस्त, अमक्याशी आमचा यापुढे संबंध नाही. आणि ‘आई आजारी आहे, कोणी रागावणार नाही, परत ये’ या जाहिराती. घरात ज्याचे नाव काढत नाहीत असा एखादा काका तिथे भेटायचीही शक्यता असते, तेव्हा शोधणाऱ्याने मनाची तयारी ठेवावी.

या सगळ्यात एक पक्षपात आहे आणि तो झाकू नये. जुन्या पत्रांचे संपादक, लेखक आणि वर्गणीदार बहुतांशी वरच्या जातींतले आणि शहरांतले. शेतकरी, गिरणीकामगार, दलित यांची माणसे त्या पानांवर क्वचित येतात, आणि आली तर दुष्काळ-साथीच्या आकड्यांत. त्यांचा माग काढायचा तर दुसरे खंड मागवावे लागतात : कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये काढलेला आणि पुढे नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईतून चालवलेला ‘दीनबंधु’, शिवराम जानबा कांबळे यांचा ‘सोमवंशीय मित्र’, डॉ. आंबेडकरांचे १९२० चे ‘मूकनायक’ आणि १९२७ चे ‘बहिष्कृत भारत’. आजोबा महाडच्या सत्याग्रहाला गेले होते, असे घरात सांगत असतील, तर सुरुवात तिथून करावी. गोव्यातल्या घराण्यांचा शोध पोर्तुगीजकडे वळतो. १९०० मध्ये सुरू झालेला ‘ओ हेराल्दो’ १९८३ पर्यंत पोर्तुगीजमध्ये निघत होता.

हे खंड आहेत कुठे? मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा दादर-नायगावचा संदर्भ विभाग, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय, पुणे नगर वाचन मंदिर, पुण्यात केसरीवाडा, गोव्यात पणजीचे कृष्णदास शामा ग्रंथालय. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने ‘ग्रंथसंजीवनी’ या नावाने जुने साहित्य संगणकावर आणले आहे. ‘टाइम्स’चे १८३८ पासूनचे अंक अनेक विद्यापीठांच्या ग्रंथालयांत पडद्यावर वाचता येतात. आणि एक आडवाट : १८६८ पासून मुंबई सरकारचा अनुवादक देशी पत्रांतल्या मजकुराचा इंग्रजी गोषवारा दर आठवड्याला सरकारला देत असे. मूळ अंक नष्ट झालेल्या कित्येक पत्रांचा मजकूर आज तेवढाच उरला आहे. काळ्या घोड्याजवळ, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात हे अहवाल पाहता येतात. सरकारला भीती राजकारणाची होती, त्यामुळे त्यात मुंजी-लग्ने मिळणार नाहीत. पण पणजोबांनी मामलेदाराविरुद्ध पत्र लिहिले असेल तर मिळेल.

खंड हातात आल्यावर एक गोष्ट चटकन लक्षात येते. १८४० चा अंक अनेकदा १९४० च्या अंकापेक्षा धडधाकट असतो. जुना कागद चिंध्यांचा, नंतरचा लाकडाच्या लगद्याचा; त्यात आम्ल असते, म्हणून तो पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. दुसऱ्या महायुद्धात कागद मिळेना, पाने कमी झाली आणि अक्षर बारीक झाले. म्हणजे ज्या पिढीला ओळखणारी माणसे अजून हयात आहेत, तिचीच वर्तमानपत्रे आधी संपत चालली आहेत.

आणि घरातली कात्रणे? बहुतेक घरांत ट्रंकेच्या तळाशी किंवा आजीच्या पोथीत एखादे सापडतेच : कोणाचा सत्कार, कोणाचे निधन, परीक्षेचा निकाल. कापणाऱ्याने मजकूर नेमका कापलेला असतो आणि पत्राचे नाव व तारीख बाहेर टाकून दिलेली असते. अशा वेळी कात्रण उलटे करावे. मागच्या बाजूला सिनेमाची जाहिरात, सोन्याचा भाव, एखादा क्रिकेटचा सामना असतो, आणि त्यावरून आठवडा तरी काढता येतो. आपण स्वतः कापून ठेवलेल्या कात्रणांवर मात्र ही वेळ कशाला आणायची? आज संध्याकाळीच ती बाहेर काढा आणि कडेच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीने पत्राचे नाव आणि तारीख लिहून ठेवा. शाईने नको, ती पलीकडे उमटते.