चौपाटी सुधारा, पण आमच्या आईला पाणी पिऊन येऊ द्या!

दादरच्या चौपाटीवर जायचे ठरले की आमची आई सकाळपासून पाणी पीत नाही. चहासुद्धा अर्धाच कप घेते. "पाणी प्यायले तर जायचं कुठं?" हा तिचा सवाल. वय सत्तरीच्या पुढे. कुर्ल्याहून गाडीने दादर, तिथून रमतगमत चैत्यभूमी. बाबासाहेबांना वंदन झाले की मुले वाळूत पळतात आणि ती कठड्याला टेकून समुद्राकडे बघत बसते. हा आमच्या घरचा वर्षानुवर्षांचा रिवाज आहे.

मागच्या उन्हाळ्यात ती तिथेच बसल्या जागी भोवंडली. लिंबूपाणी पाजले, पदराने वारा घातला, तेव्हा सावरली. घरी आल्यावर डॉक्टरांनी विचारले, "आजी, दिवसभरात पाणी किती प्यालात?" आई गप्प. आमच्या सौभाग्यवतींनी उत्तर दिले, "डॉक्टर, बाहेर जायचे असले की आम्ही बायका पाणी पीतच नाही." आम्ही खाली मान घातली. इतकी वर्षे सोबत हिंडतो, सभा-संमेलनांत बोलतो, पण ही गोष्ट आमच्या ध्यानात आली नव्हती.

अलीकडे जिकडे तिकडे चौपाट्यांच्या सुशोभीकरणाची भाषा ऐकू येते. चांगलेच आहे. पण चौपाटी सुधारायची ती कुणासाठी आणि सुरुवात कुठून करायची, हे ठरवण्याआधी आमच्या आईचा सवाल ऐकावा, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

गरिबाचे अंगण

आम्ही बी. कॉम. झालेले, नोकरी कारकुनाची. हिशेब केल्याशिवाय चैन पडत नाही. पाच माणसांनी सिनेमाला जायचे म्हटले तर तिकिटे आणि मुलांचे खाणे मिळून महिन्याच्या भाजीचे पैसे जातात. चौपाटीला लागते ते गाडीभाडे, दोन भेळ, शेंगदाण्याच्या पुड्या आणि धाकटीसाठी एक कुल्फी. समुद्र मात्र फुकट. दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला अंगण नाही, गच्ची नाही. मुलाला दहा पावले पळायला जागा नाही. त्याचे अंगण म्हणजे ही वाळू.

आणि ती एकट्या मुंबईकरांची नाही. ६ डिसेंबरला विदर्भातून, मराठवाड्यातून, खानदेशातून माणसे येतात. त्यांतल्या कित्येकांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला तो इथेच. वर्ध्याकडच्या एका मावशींनी एकदा आम्हाला विचारले होते, "बाबू, एवढं पाणी, अन् पिता येत नाही?" आम्ही हसलो. आज वाटते, हसण्यासारखे त्यात काही नव्हते. दिवसभर रांगेत उभी राहिलेली ती बाई तहानलेली होती.

ही साधी वाळू नव्हे

७ डिसेंबर १९५६ रोजी याच चौपाटीवर बाबासाहेबांच्या पार्थिवाला अग्नी दिला गेला. त्याच ठिकाणी, त्याच वेळी, भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून अफाट जनसमुदायाने धम्मदीक्षा घेतली. पुढे भय्यासाहेब आंबेडकरांच्या पुढाकाराने स्तूप उभा राहिला आणि ५ डिसेंबर १९७१ रोजी मीराताई आंबेडकरांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. म्हणून दादरच्या किनाऱ्याकडे निव्वळ सहलीची जागा म्हणून पाहता येत नाही. इथे माणसे डोळे पुसतात आणि इथेच मुलांना फुगे घेऊन देतात. दोन्ही गोष्टी मानाने व्हाव्यात, एवढीच अपेक्षा.

वर डेक, खाली नाला

चैत्यभूमीजवळ २०२२ साली समुद्र पाहण्यासाठी डेक झाला. त्याला माता रमाईंचे नाव दिले आहे. संध्याकाळी तिथून वांद्रे-वरळी सागरी सेतूचे दिवे दिसतात. आमची मुले तिथून हलायला तयार नसतात. झालेल्या कामाला नावे ठेवण्याचा आमचा स्वभाव नाही. परंतु हा डेक ज्यावर बांधला आहे, ते पावसाच्या पाण्याच्या नाल्याचे तोंड आहे. वर माणसे फोटो काढतात आणि खाली शहराचा नाला समुद्राला मिळतो.

चौपाटीच्या दुखण्याचे मूळ इथे आहे. किनाऱ्यावर दिसणारा कचरा सगळाच काही चौपाटीवर बसून खाणाऱ्याने टाकलेला नसतो. शहरात गटारात पडलेली पिशवी नाल्यातून समुद्रात जाते. भरतीचे पाणी ती परत आणून वाळूवर टाकते. मोठ्या उधाणाला मुंबईत साडेचार मीटरच्या वर पाणी चढते. पावसाळ्यात वारा समुद्राकडून जमिनीकडे असतो, तेव्हा तर ढीगच येऊन पडतात. सकाळी वाळू झाडली तरी पुढच्या भरतीला चौपाटी पुन्हा तशीच होते. म्हणजे झाडू वाळूवर मारायचा आणि जाळी मात्र नाल्याला लावायची नाही, हा हिशेब कधी जुळणार नाही.

दुसरी गोष्ट वाळूची. लाट उतरत्या वाळूवर आली की दमते आणि सावकाश मागे जाते. तीच लाट उभ्या भिंतीवर आदळली की जोरात मागे फिरते आणि पायथ्याची वाळू ओढून नेते. म्हणून किनाऱ्यावर जेवढे काँक्रीट वाढवू, तेवढी वाळू गमावण्याचा धोका. वस्ती वाचवायला भिंत लागते, हे मान्य. पण शोभेसाठी वाळूवर फरशा घालणे म्हणजे अंगण सारवायचे म्हणून अंगणच खणून काढण्यासारखे आहे.

इतरांनी काय केले?

आपल्याच मुंबईत वर्सोव्याला ऑक्टोबर २०१५ मध्ये वकील अफरोज शाह आणि त्यांचे एक वयोवृद्ध शेजारी यांनी दोघांनीच कचरा उचलायला सुरुवात केली. हळूहळू कोळीवाड्यातली माणसे आली, विद्यार्थी आले. २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने शाह यांचा सन्मान केला. मार्च २०१८ मध्ये त्या वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे चालत गेली. यातून शिकायचे ते हे की एक दिवस फोटो काढून चौपाटी साफ होत नाही. दर आठवड्याला वाकावे लागते.

चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये अपंगांसाठी पाण्याच्या जवळपर्यंत लाकडी वाट केली. पुढच्याच महिन्यात चक्रीवादळात तिचे नुकसान झाले, तेव्हा ती दुरुस्त केली. चाकाच्या खुर्चीवर बसलेली माणसे त्या वाटेने प्रथमच लाटांजवळ गेली. सुशोभीकरण म्हणायचे तर याला म्हणावे.

आता तिसरे उदाहरण सावध करणारे. स्वच्छ किनाऱ्यांना 'ब्लू फ्लॅग' नावाचे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळते. त्याचे ३३ निकष आहेत. पाण्याची शुद्धता, सुरक्षितता, व्यवस्था आणि पर्यावरण शिक्षण हे त्यात पाहतात. २०२० साली भारतातील आठ किनाऱ्यांना ते प्रथम मिळाले. त्यातला एक विशाखापट्टणमचा ऋषिकोंडा. तिथे २०२३ साली किनाऱ्यावर जायला वीस रुपयांचे तिकीट लावण्याचे घाटले आणि लोकांनी विरोधाचा आवाज उठवला. वीस रुपये म्हणजे काय मोठे, असे कुणी म्हणेल. पाच माणसांचे शंभर होतात. शंभर रुपयांसाठी दाराशी थांबून विचार करणारे घर कुणाचे असते, हे आपल्याला माहीत आहे.

पाणी सर्वांचे, किनाराही सर्वांचा

प्रभादेवीला सिद्धिविनायकाजवळून जाणाऱ्या रस्त्याला एस. के. बोले यांचे नाव आहे. त्या रस्त्याने जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की, याच रावबहादूर बोल्यांनी १९२३ साली मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला? ठराव कागदावर राहिला म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना महाडला जाऊन चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यावे लागले. जागा सार्वजनिक आहे असे लिहिल्याने ती सार्वजनिक होत नाही. तिथे प्रत्येकाला मानाने वावरता आले, तरच ती सार्वजनिक.

सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर १९९६ मध्ये कमलनाथ खटल्याच्या निकालात सांगितले आहे की समुद्रकिनारा, वाहते पाणी, हवा, जंगले यांचे सरकार हे विश्वस्त आहे. विश्वस्त म्हणजे मालक नव्हे. आज वाळूवर जायला आपल्याला कुणी जातीवरून अडवत नाही. पण ज्या जागी आईबहिणीला तहान मारून बसावे लागते, ती जागा तिच्यासाठी अर्धीच उघडी आहे, असे आम्ही समजतो.

आमच्या मागण्या

१. स्त्रियांसाठी स्वच्छ, दिवा-पाणी असलेली, विनामूल्य शौचालये. फक्त ६ डिसेंबरच्या गर्दीपुरती नव्हे, वर्षाचे बाराही महिने.

२. पिण्याच्या पाण्याचे नळ, बसायला सावली आणि म्हाताऱ्यांना उतरता येईल असा कठडा लावलेला उतार.

३. नाल्यांच्या तोंडाशी जाळ्या आणि त्या वेळच्या वेळी साफ करणारी यंत्रणा.

४. भरती-ओहोटीच्या वेळा मोठ्या मराठी अक्षरांत लावलेले फलक आणि पुरेसे जीवरक्षक. बाहेरगावच्या माणसाला समुद्राचा अंदाज नसतो.

५. भेळवाले, नारळवाले, पुस्तकवाले यांना हुसकावणे नको. २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. त्याप्रमाणे जागा आखून द्या.

६. वाळू साफ करणाऱ्या कामगारांना हातमोजे, बूट आणि ठरलेला पगार वेळेवर. या कामात आपली माणसे किती आहेत, हे वेगळे सांगायला नको.

आणि आपले काम

मागण्या करून आपले कर्तव्य संपत नाही. वंदनेला जाताना हार-फुले कागदात न्यावीत. खाऊच्या पिशव्या परत घरी आणाव्यात. मुलांना सांगावे की ज्या वाळूवर बाबांना निरोप दिला, तिथे कचरा टाकणे शोभत नाही. गर्दीनंतर चौपाटीवर कचरा दिसला की बोटे आपल्याकडे वळतात. ती बोटे कितीही खोटी असली, तरी त्यांना आयते निमित्त आपण का द्यावे? आमच्या मंडळाची दहा-बारा मुले महिन्यातून एका रविवारी जातात. पोती भरून ओहोटीच्या आत परततात. काम लहान आहे, पण खंड पडू दिलेला नाही.

शौचालयासाठी आम्ही मंडळातर्फे एका कार्यालयात अर्जही दिला. तीन महिन्यांनी उत्तर आले, "आपले पत्र पुढील कार्यवाहीस्तव संबंधित विभागाकडे पाठविण्यात आले आहे." कारकुनी आम्हीही करतो. या वाक्याचा अर्थ आम्हाला चांगला कळतो. म्हणून दुसरा अर्ज तयार केला आहे. या वेळी त्यावर फक्त स्त्रियांच्या सह्या घेत आहोत. पहिली सही आईची. ती साक्षरता वर्गात सही करायला शिकली. तिने सावकाश, एकेक अक्षर काढून नाव लिहिले आणि विचारले, "एवढ्यानं होईल का रे?"

आम्ही म्हणालो, "एकटीच्या सहीने नाही होणार, आई. वस्तीतल्या सगळ्याजणींची लागेल."

वाचक भगिनींनो, आपापल्या वस्तीत असाच एक अर्ज लिहा. समुद्राला जाताना आपल्या आईने घरून पोटभर पाणी पिऊन निघावे, तो दिवस आपण आणू या. जयभीम!