पाऊणपटीचा हिशेब

दिवाळीच्या सुमारास कोकणात पहाटे डोंगराकडून गार वारा सुटतो. पावसाळाभर नैर्ऋत्येकडून झोडपणारा वारा आता पडलेला असतो. रात्री जमीन समुद्राआधी निवते आणि तिच्यावरची जड हवा पाण्याकडे सरकते. हा मतलई वारा. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून खारा वारा आत शिरतो. शाळेच्या भूगोलात आपण हे दोन शब्द परीक्षेपुरते पाठ केले. किनाऱ्यावर मात्र पिढ्यान्‌पिढ्या याच वाऱ्यांनी माणसांना कामावर नेले आणि घरी आणले. शिडाची होडी मतलईवर बाहेर पडे, खाऱ्यावर परते.

होडी दिसायला साधी. अरुंद अंगाच्या होडीवर शीड चढवले की वारा तिला कलंडवू पाहतो, म्हणून एका बाजूला उलांडी. दोन आडव्या दांड्यांना बांधलेला हा हलक्या लाकडाचा ओंडका वाऱ्याच्या बाजूला असेल तर वजनाने होडीला धरून ठेवतो, आणि दुसऱ्या बाजूला असेल तर बुडायला नकार देऊन तिला उचलून धरतो. इतक्या थोड्या सामानात इतकी अक्कल क्वचितच पाहायला मिळते.

पण वारा हे होडीचे एकच घड्याळ. दुसरे भरती-ओहोटीचे, आणि ते चंद्राच्या हाती. मुंबईच्या आसपास त्याचा हिशेब तोंडी आहे: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. शुद्ध असो वा वद्य, पहाटे असो वा दुपारी. भरती दर दिवशी सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस, त्यामुळे पंधरवड्याच्या शेवटी हिशेब थोडा मागे पडतो. पौर्णिमेला उत्तर सव्वाअकरा येते, प्रत्यक्षात पाणी बाराच्या सुमारास भरते. कागद-पेन्सिल न लागणाऱ्या सूत्राला एवढी चूक माफ आहे. दक्षिणेकडे मात्र ते जसेच्या तसे चालत नाही. तिथे भरती आधी येते आणि चढतेही कमी: उधाणाला मुंबईत पाणी साडेचार मीटरच्या वर जाते, गोव्यात दोनेक मीटरच.

आता ही दोन घड्याळे शेजारी ठेवून पाहा. चतुर्थीला पहाटे तीनला भरती पूर्ण होते. त्यानंतर ओहोटीचे पाणी आणि मतलई वारा, दोन्ही होडीला खाडीबाहेर नेतात. सकाळी नऊच्या सुमारास पाणी पालटते, दुपारी खारा वारा भरात येतो आणि चढत्या भरतीवर होडी घराकडे ढकलली जाते. एकादशीला हेच गणित बिघडते. सव्वाआठपर्यंत पाणी आत येत राहते, पहाटे निघणाऱ्याचा वारा पाठीशी पण पाणी समोरून, आणि वल्ही मारून खांदे भरून येतात. पंचांगातली तिथी किनाऱ्यावर अशी अंगमेहनतीत मोजली जाई.

मग इंजिन आले. त्याने कष्ट वाचवले, वादळापुढे पळून घर गाठता येऊ लागले. त्याबद्दल तक्रार करणे अन्यायाचे होईल. पण वाऱ्याची वाट पाहण्याची गरज संपली, तसे वारा वाचणारे डोळेही कमी झाले.

शिडाची विद्या परत आणता येते, याचा पुरावा गोव्यात आहे. मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांनी बांधलेल्या ‘म्हादेई’वरून कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये परतले. शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. पुढे दांडेकरांच्याच कंपनीने अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून ‘कौंडिण्य’ बांधले. त्याच्या फळ्या काथ्याने शिवल्या आहेत आणि त्याला इंजिन नाही. २१ मे २०२५ रोजी ते कारवारला नौदलात दाखल झाले. चित्रातून आकार मिळाला, पण शिवण मिळाली केरळच्या बाबू शंकरन यांच्याकडून, कारण ती त्यांच्या हातात अजून जिवंत होती.

कोकणात आजही काही घरांत शिडावर गेलेले आजोबा आहेत. या दिवाळीच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा त्यांच्याशेजारी वही घेऊन बसा. कोणत्या वाऱ्याला ते काय म्हणत, कोणता डोंगर कोणत्या देवळाच्या रेषेत आला की होडी वळवत, हे त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या.