नाटक शिकायला जावं का? प्रवेशअर्ज भरण्याआधी विचारायचे चार प्रश्न

आजचा विषय जरा घरगुती आहे. बारावीचा निकाल लागतो आणि घरातली मुलगी किंवा मुलगा सांगतो, "मला नाटक शिकायचंय." घर एकदम शांत होतं. मग कुणीतरी विचारतं, "ते ठीक आहे, पण पुढे काय?" आमच्या शिबिरांना येणारी मुलं आणि त्यांचे आईवडील, दोघंही हाच प्रश्न घेऊन येतात. त्यामुळे नाटक ही केवढी थोर कला आहे वगैरे आज आम्ही बोलणार नाही. ते आपण सगळे मानतोच, म्हणून तर इथे जमलोय. निर्णय कसा घ्यायचा, एवढंच बोलू.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. 'पुढे काय' असं विचारणारे आईवडील कलेचे वैरी नसतात. ज्या घरात एकच पगार येतो, तिथे तीन वर्षांची फी आणि खोलीचं भाडं हा धाकट्या भावंडाच्या शिक्षणातला वाटा असतो. आणि मुलांचंही काही कमी पणाला लागलेलं नसतं. आवाज, शरीर, वाचन या गोष्टी विशीत जेवढ्या घडतात तेवढ्या पुढे घडवायला दुप्पट कष्ट पडतात. म्हणजे दोन्ही बाजूंची भीती खरी आहे. ती नाकारून चालणार नाही.

करणं वेगळं, शिकणं वेगळं

या वादात एक वाक्य हमखास येतं. "डॉ. लागू कुठे शिकले होते नाटक? आधी डॉक्टर झाले ना!" खरंय. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक होते. १९६९ साली, चाळिशी उलटल्यावर, ते पूर्ण वेळ नट झाले. डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, डॉ. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. १९७२ साली रंगमंचावर आलेलं 'घाशीराम कोतवाल' पटेलांनी बसवलं आणि त्यात आगाशे नाना फडणवीस झाले. सतीश आळेकर तर जीवरसायनशास्त्रातले, पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात नोकरी करणारे.

ही नावं घेऊन आपण म्हणतो, "बघ, आधी नोकरी, मग नाटक." पण जरा थांबून बघा. या उदाहरणांवरून एवढंच सिद्ध होतं की नाटकाची पदवी नसतानाही मोठं नाटक करता येतं. पदवी निरुपयोगी आहे, हे त्यावरून सिद्ध होत नाही. आणि याच आळेकरांनी १९९६ पासून २००९ पर्यंत पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राची धुरा सांभाळली, तिथे नाटक शिकवण्याची व्यवस्था वाढवली. आगाशे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे संचालक झाले. स्वतः पदवी न घेतलेली माणसं शिक्षणसंस्थांमध्ये जाऊन उभी राहिली. शिक्षण बिनकामाचं वाटलं असतं, तर त्यांनी आपली इतकी वर्षं त्यात घातली असती का?

दुसऱ्या बाजूची नावंही आहेत. पुण्याच्या रोहिणी हट्टंगडी राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकल्या. विजया मेहतांनी इब्राहिम अल्काझी आणि आदी मर्झबान यांच्या हाताखाली धडे घेतले आणि १९६० साली 'रंगायन' उभी केली. तेव्हा नावांची तुलना करत बसलो तर सामना बरोबरीतच सुटणार. ती सोडून देऊ.

मग शिकण्यात नेमकं काय असतं? कॉलेजची एकांकिका आठवा. पुरुषोत्तम करंडकासाठी दोन महिने तालीम, रात्रीचा चहा-वडापाव, भरत नाट्य मंदिरात 'अरे आवाज कुणाचा'! त्यातून धीटपणा येतो, माणसं मिळतात, वेळ पाळायची सवय लागते. पण तिथे तुम्हाला जे आधीच येतं, तेच तुमच्याकडून करून घेतलं जातं. विनोदी मुलाला विनोदी भूमिका, खणखणीत आवाजाच्या मुलीला सूत्रधार. स्पर्धा जिंकायची असते, त्यामुळे प्रयोग करून बघायला सवड नसते.

चांगल्या अभ्यासक्रमात उलटं होतं. तुम्हाला जे येत नाही, ते करायला लावतात. नटाला प्रकाशयोजनेची आखणी करावी लागते. दिग्दर्शक व्हायला आलेला मुलगा कपडेपट सांभाळतो. भरताचं नाट्यशास्त्र, स्तानिस्लावस्की, ब्रेख्त यांच्याबरोबर तमाशा आणि दशावतारही अभ्यासायचे असतात. रोज सकाळी आवाजाचा आणि शरीराचा रियाज. आणि चुकण्याची मुभा, कारण समोर तिकीट काढून आलेला प्रेक्षक नसतो. फीचे पैसे खरं तर या मुभेसाठी मोजायचे असतात.

पैशाचं खरं चित्र

आता पोटापाण्याचं बोलू. व्यावसायिक नाटकात नटाला सहसा महिन्याचा पगार नसतो. 'नाइट' असते, म्हणजे प्रयोगागणिक ठरलेलं मानधन. प्रयोग लागला तर पैसे. प्रायोगिक नाटकात बऱ्याचदा पदरमोडच असते. २०२० च्या मार्चमध्ये नाट्यगृहं बंद झाली, तेव्हा पडद्यामागच्या कामगारांच्या घरात सगळ्यात आधी चूल थंडावली. हे मुलांपासून लपवू नये.

याला झाडीपट्टीसारखा अपवादही आहे. पूर्व विदर्भात दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो, वडसा म्हणजे देसाईगंज हे त्याचं मोठं केंद्र. रात्र-रात्र नाटकं चालतात, गावोगावचे लोक तिकीट काढून बघतात. पण तिथेही वर्ष बारा महिन्यांचं असतं आणि हंगाम काही महिन्यांचा.

म्हणून आम्ही मुलांना सांगतो, नाटक शिकलेल्या माणसाचा महिना सहसा चार-पाच ठिकाणच्या कमाईतून उभा राहतो. समजा, लातूरची एक मुलगी नाट्यशास्त्रात पदवी घेऊन पुण्यात राहतेय. सकाळी एका शाळेत नाट्यवर्ग घेते. दुपारी कधी डबिंग, कधी श्राव्य पुस्तकांचं वाचन. संध्याकाळी तालीम, शनिवार-रविवार प्रयोग, मधेच एखाद्या मालिकेत चार दिवसांचं काम. हे जगणं शक्य आहे, पण त्याची घडी बसायला वेळ लागतो आणि हिशेब स्वतःच ठेवावा लागतो.

यातल्या शाळेच्या कामाकडे कमीपणाने बघू नका. मुलांसाठी नाटक हे आपल्याकडचं भक्कम काम आहे. सुधा करमरकर अमेरिकेत जाऊन बालनाट्याचा अभ्यास करून आल्या आणि १९५९ साली त्यांनी बालरंगभूमी सुरू केली. सुलभा देशपांडे दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. मुलांसाठी 'चंद्रशाला' चालवतानाच त्या मोठ्या अभिनेत्रीही होत्या. शिकवल्याने त्यांचं नाटक आटलं नाही.

चार प्रश्न

पहिला प्रश्न मुलांसाठी. भूमिका मिळाली नाही तर? सबंध वर्षभर तुमच्या वाट्याला नेपथ्य उचलणं, पार्श्वसंगीत चालवणं, प्रॉम्प्टिंग एवढंच आलं, तरी तालमीला रोज वेळेवर जावंसं वाटेल का? हे घरी बसून ठरवू नका. एखाद्या संस्थेत महिनाभर पडद्यामागचं काम करून बघा. हातात खिळे-हातोडी घेऊनही मजा आली, तर तुम्हाला नाटक हवंय. फक्त टाळ्यांच्या वेळीच हुरूप येत असेल, तर कदाचित तुम्हाला प्रसिद्धी हवीये. त्यात काही पाप नाही. फक्त त्यासाठी तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाची गरज नाही.

दुसरा प्रश्न, शिकवणार कोण? 'नाट्यशास्त्र' अशी पाटी पाहून प्रवेश घेऊ नका. पुण्यात ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे, छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे, गोव्यात कला अकादमीचं नाट्य महाविद्यालय आहे. शिवाय अनेक लहान-मोठी महाविद्यालयं आहेत. त्या जागी प्रत्यक्ष जा. विद्यार्थ्यांचं नाटक बघा. शेवटच्या वर्षाच्या मुलांना बाहेर चहाच्या टपरीवर गाठा आणि विचारा, वर्षात किती नाटकं बसतात? पूर्ण वेळ शिक्षक किती? ग्रंथालयातली पुस्तकं हाताला लागतात की कपाटाला कुलूप असतं? दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेले आज काय करतात? माहितीपत्रकातला फोटो चकचकीत असतो, टपरीवरचं उत्तर खरं असतं.

तिसरा प्रश्न, पैसे किती महिने पुरतील? घरातल्या सगळ्यांनी कागद घेऊन बसा. फी, राहणं, जेवण, प्रवास लिहा. मग त्याखाली आणखी एक रक्कम लिहा, शिक्षण संपल्यावर घडी बसेपर्यंतच्या दीड-दोन वर्षांची. बहुतेक घरं ही दुसरी रक्कम विसरतात आणि खरी ओढाताण तिथेच होते. मोठं शैक्षणिक कर्ज शक्यतो टाळा. कर्जाचा हप्ता ठरलेल्या तारखेला येतो, नाइट ठरलेल्या तारखेला येत नाही. शिष्यवृत्तीची चौकशी आधी करा, सरकारी संस्था आणि खासगी अभ्यासक्रम यांच्या फीमधला फरकही बघा.

चौथा प्रश्न, आत्ताच का? या प्रश्नाने पुष्कळ घरांमधलं भांडण मिटू शकतं. नाटकाचं दार बारावीनंतरच उघडतं आणि मग कायमचं बंद होतं, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. १९५९ साली सुरू झालेल्या दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा तर पदवी लागतेच, आणि गाठीला नाटकाचा अनुभवही लागतो. म्हणजे आधी दुसरी पदवी घेण्यात तुमची वर्षं वाया जात नाहीत, फक्त ती पदवी डोळे उघडे ठेवून निवडा. साहित्य घेतलंत तर संहिता वाचायला शिकाल. मानसशास्त्रातून पात्रं कळायला मदत होते. वास्तुकलेतून नेपथ्याकडे जाता येतं. वाणिज्य शाखेची मुलं निर्मितीची बाजू सांभाळू शकतात, आणि चांगला निर्मिती-व्यवस्थापक शोधून सापडत नाही. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीला मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय घेण्याची सोय आहे. तुमच्या महाविद्यालयात नाटक त्यात बसतं का, विचारून घ्या.

आईवडिलांसाठी थोडं

'पुढे काय?' या प्रश्नाला अठरा वर्षांच्या मुलाकडे उत्तर नसतं. इंजिनिअरिंगला जाणाऱ्याकडेही नसतं, तिथे आपण विचारत नाही इतकंच. त्याऐवजी विचारा, "या वर्षी काय शिकणार? वर्ष संपल्यावर आपण कशावरून ठरवायचं?" घरातल्या घरात एक करार करा. एवढी वर्षं, एवढे पैसे, दर वर्षी एकदा बसून आढावा. करार झाला की रोजची टोचणी थांबवायची. पैसे देऊन वर रोज टोमणे मारायचे, यात पैसेही जातात आणि मूलही दुरावतं.

मुलींच्या घरून आणखी एक काळजी येते, रात्रीच्या तालमी. काळजी रास्त आहे. पण तिचं उत्तर 'नाटक नको' हे नाही. तालीम किती वाजता संपते, मुली परत कशा जातात, वसतिगृहाचं दार किती वाजता बंद होतं, तक्रार समिती आहे का, हे संस्थेला स्पष्ट विचारा. जी संस्था या प्रश्नांनी चिडते, ती नको. हा प्रश्न वाहनाचा आहे, वळणाचा नाही.

मग ठरवायचं कसं?

आता चारही उत्तरं शेजारी-शेजारी ठेवा. पहिल्यालाच मन कचरत असेल, तर पदवी दुसरी घ्या आणि एकांकिका भरपूर करा. आयुष्यभर हौशी रंगभूमीवर काम करणाऱ्यांनीच राज्य नाट्य स्पर्धा जिवंत ठेवली आहे, त्यात उणेपणा काही नाही. पहिलं उत्तर 'हो' आहे, पण जवळपास चांगली संस्था नाही, तर घाई करू नका. वाईट शिक्षणापेक्षा चांगली तालीम बरी. संस्था चांगली आहे पण पैशाचा मेळ बसत नाही, तर आधी कमावतं करणारी पदवी घ्या आणि पदव्युत्तर टप्प्यावर नाटकाकडे या, रस्ता मोकळा आहे. आणि चारही उत्तरं जुळत असतील, तर जा. घरी माफी मागत जाऊ नका, उपकाराखाली दबून जाऊ नका. सकाळच्या रियाजाला पहिले हजर असा.

शंका पूर्ण फिटण्याची वाट मात्र बघू नका, ती फिटत नसते. चाळिशी उलटल्यावर, हातात चालता व्यवसाय असताना तो सोडणाऱ्या डॉ. लागूंनाही पुढचं काही ठाऊक नव्हतं. शंका असतानाही नीट चौकशी करून पाऊल टाकता येतं. येत्या आठवड्यात एवढंच करा, एखाद्या नाट्यविभागात विद्यार्थ्यांचा प्रयोग असेल तो आईवडिलांसह बघा, आणि घरी परतताना बोला.

आता तुमचे प्रश्न घेऊ.